पान १५ ते १८

आमच्या घरात वेताळच्या कॉमिकचा एक अंक होता आणि त्याची मधली चार पानं नव्हती.

पिनेच्या अंकांचं हे दुखणं ज्यांनी ते हाताळलेत त्यांना ठाऊक असेल. आठ जोडपानं एकात एक घालून मधोमध दोन पिना मारलेल्या असतात. बाहेरची पानं एकमेकांना धरून राहतात, सगळ्यात आतलं मात्र पिनेच्या टोकांवर कसंबसं तगून असतं. अंक दहा हातांतून फिरला की भोकं सैल होतात आणि एक दिवस कुणी पालथं पडून वाचत असताना ते जोडपान अलगद निसटतं. मग ते कॉटखाली जातं, तिथून केरात जातं, नाहीतर कुणीतरी त्यात शेंगदाणे घेऊन खातं. ३२ पानांच्या अंकात हे जोडपान म्हणजे पान १५ ते १८. गोष्ट ऐन रंगात आलेली असते, नेमकी तीच चार पानं.

आमच्या अंकात पान १४ च्या शेवटच्या चौकटीत वेताळ खांबाला बांधलेला होता. हात मागे, भोवती भालेवाले, समोर जाळ. पान १९ च्या पहिल्याच चौकटीत तो घोड्यावर, मागे धुरळा. मधे काय झालं ते कळायला मार्ग नव्हता.

दादाचं म्हणणं, अंगठी. कवटीच्या अंगठीची कड घासून घासून त्याने दोर कापला. बाळ्याला, म्हणजे आमच्या धाकट्याला, वेताळचा पाळलेला लांडगा सोडवायला आलेला हवा होता. वेताळ बांधलेला असताना लांडगा गप्प बसेलच कसा, हा त्याचा सवाल. मी निराळंच सांगायचे. पान १२ वर गर्दीच्या चौकटीत अगदी मागे एक माणूस उभा होता. बाकी सगळे वेताळकडे बघत होते, हा एकटा जमिनीकडे. त्यानेच रात्री येऊन गाठ सोडली असणार. दादा म्हणायचा, "त्याला नाव तरी आहे का गोष्टीत?" नाव नव्हतं. पण मान खाली घातलेला माणूस चित्रकाराने उगाच कशाला काढला असता?

या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली. गणपतीला तिघं एकत्र आलो की विषय कुठूनही निघो, मोदकांचं पाणी उकळेपर्यंत गाडी खांबाला बांधलेल्या वेताळपाशी येतेच.

आम्ही कराडचे. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं, ते १९९० मध्ये बंद झालं. आमच्या वाट्याला आला तो त्यातला शेवटचा तुकडा. तोही बहुतेक जुनाच. नवा अंक घेऊन देणारं घर ते नव्हतं. रद्दीवाल्याकडे वडील पेपर घालायला गेले की आम्ही मागोमाग जायचो आणि त्याच्या ढिगातून दोन-तीन अंक उपसून आणायचो; पैशांऐवजी तेवढी रद्दी कमी मोजायची. शिवाय मंडईकडे एक गृहस्थ सुतळीवर अंक वाळत घातल्यासारखे टांगून बसायचे. तिथेच बसून वाचायचं तर दहा पैसे, घरी न्यायचं तर पंचवीस. आम्ही दहा पैसेवाले. एकाच्या पैशात तिघं. दादा मधे बसून पानं उलटणार, मी उजवीकडून, बाळ्या त्याच्या गुडघ्याखालून. बाळ्याला तेव्हा जोडाक्षरं येत नव्हती. तो फुग्यांतल्या मजकुराकडे ढुंकूनही बघायचा नाही, पण घरी येऊन आईला सबंध गोष्ट सांगायचा आणि त्यातली बारा आणे बरोबर असायची. उरलेल्या चार आण्यांत त्याच्या पदरचे सिंह असत.

शाळेत मात्र वाचायच्या यादीत हे बसत नसे. सातवीत एका सरांनी माझ्या दप्तरातून अंक काढला, मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरून वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "ही चित्रं बघणारी जमात. वाचायला अक्षरं लागतात." अंक जप्त झाला. पुढे कळलं की त्यांच्या धाकट्या मुलाला त्यातली गोष्ट तोंडपाठ होती. असो.

सरांचा तो सूर त्यांच्या एकट्याचा नव्हता हे फार नंतर समजलं. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्स मुलांना बिघडवतात असं सांगणारं अख्खं पुस्तक लिहिलं. एवढी ओरड झाली की प्रकाशकांनी घाबरून स्वतःच स्वतःवर नियमावली घालून घेतली, शिक्का असल्याशिवाय अंक दुकानात जाईना. त्याच देशात २०२० मध्ये मुलांच्या साहित्याचं न्यूबेरी पदक जेरी क्राफ्ट यांच्या 'न्यू किड' या चित्रकादंबरीला मिळालं. १९२२ पासून दिल्या जाणाऱ्या त्या पदकाच्या इतिहासात चित्रकादंबरीला पहिला नंबर मिळण्याची ती पहिली वेळ. म्हणजे वर्थमसाहेबांपासून धरली तरी ६६ वर्षं. आमच्या सरांना मी तेवढी मुदत द्यायला तयार आहे.

पण सरांच्या वाक्याला उत्तर द्यायचंच झालं तर मी पदकाचं देणार नाही, त्या पांढऱ्या पट्टीचं देईन.

दोन चौकटींच्या मधे एक पांढरी पट्टी असते. नखाएवढी रुंद. अलीकडच्या चौकटीत एक हात दगड उचलतो. पलीकडच्या चौकटीत झाडावरून कावळे उडालेले असतात. दगड फेकल्याचं चित्र कुठेच नाही. तो फेकतो कोण? वाचणारं पोर फेकतं. दगड किती जोरात गेला, फांदीला लागला की पानांना, आवाज कसा झाला, हे सगळं त्याने त्या नखाएवढ्या जागेत उरकायचं आणि पुढच्या चौकटीत वेळेवर हजर व्हायचं. आमची आजी गोष्ट सांगताना मधे मधे 'हुं' म्हणावं लागायचं. नाही म्हटलं तर ती थांबायची. पोर झोपलं असं समजून कूस वळायची. गोष्ट तिची असली तरी ती चालायची आमच्या हुंकारावर. पांढरी पट्टी ही त्या 'हुं'ची जागा आहे. ती मोकळी दिसते म्हणून सरांना वाटलं की तिथे काही वाचायचं नाही.

आमच्या त्या अंकात पट्टी चार पानं रुंद झाली होती, एवढंच.

आता वेताळबद्दल. ली फॉक यांचा 'फँटम' १९३६ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत सुरू झाला. घट्ट कपडे, डोळ्यांवर मुखवटा, कवटीची गुहा, बापाकडून मुलाकडे चालत आलेली एकवीस पिढ्यांची गादी. जंगलातल्या लोकांना वाटतं हा एकच माणूस आहे आणि तो मरत नाही. हा गडी मराठीत आणायचा ठरलं तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात 'वेताळ' आलं. ज्याच्या आलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. शब्दकोशात बघून हे सुचत नाही. कारण आपल्याकडे वेताळ म्हणजे नुसतं भूत नाही, भुतांचा राजा आणि गावाचा राखणदार. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, तिथे लोक नवसाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. वेतोबा रात्री गावाच्या हद्दीवर फेऱ्या मारतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. रात्री फिरणारा, न मरणारा, दुष्टांना धाकात ठेवणारा आणि गरिबाला न छळणारा. फँटमला आणखी काय हवं होतं? फक्त चपला तेवढ्या राहिल्या. तो बूट घालायचा.

माझा मात्र लहानपणी मोठा घोळ होता. चांदोबातही वेताळ असायचा, विक्रम राजाच्या खांद्यावरच्या प्रेतात बसलेला. शंकर या चित्रकाराचं ते चित्र महिन्यामागून महिने तेच: हातात तलवार, खांद्यावर ते लोंबतं धूड, मागे स्मशान. चांदोबाचा वेताळ कोडी घालतो आणि इंद्रजालचा वेताळ ठोसे देतो, तर हे एकाच घरातले दोन भाऊ असावेत, धाकटा शाळेत हुशार आणि थोरला तालमीत जाणारा, अशी मी समजूत करून घेतली होती. नावांची अशी गंमत आणखीही होती. मूळ कथेतला फँटमचा देश 'बंगाला'. आपल्या बंगालशी गल्लत नको म्हणून भारतात त्याचं 'डेंकाली' झालं. मी डेंकाली शाळेच्या नकाशात शोधलेलं आहे. आफ्रिकेत नाही, आशियात नाही. मग वाटलं आमचाच नकाशा जुना असेल.

ही चित्रं आम्ही नुसती बघायचो नाही, काढायचोही. वहीच्या पानाला खोबरेल तेल चोळलं की ते पारदर्शक होतं. ते अंकावर ठेवून पेन्सिलीने गिरवायचं. त्यापायी वेताळच्या बऱ्याच अंकांवर तेलाचे डाग पडले आणि पुढे त्यांनाच आधी कसर लागली. गिरवताना लक्षात आलं की वेताळ काढायला सोपा आहे, कारण त्याला बुबुळं नाहीत. मुखवट्यात दोन पांढऱ्या फटी, बस. चित्रात सगळ्यात अवघड असतात ते डोळे. जरा रेघ हलली की माणूस तिरळा होतो, नाहीतर रडका. वेताळच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. आणि तरी तो आपल्याकडेच रोखून बघतोय असं वाटायचं.

नंतर 'टिंकल' हे मुलांचं कॉमिक आलं आणि त्यातला शिकारी शंभू गिरवायला घेतला, तर त्यालाही डोळे नाहीत! हॅट नाकापर्यंत ओढलेली. डोळे न दाखवून एकाने जंगलाला धाक घातला, दुसऱ्याने आम्हाला हसवून लोळवलं. शंभू घाबरला की ते त्याच्या गुडघ्यांवरून, मिशीवरून, हॅटच्या उडण्यावरून कळतं. ही करामत वसंत हळबे यांची. आम्ही त्यांचं नाव कधी वाचलंच नाही. पानाच्या कोपऱ्यातली सही हा आमच्या लेखी चित्रातलाच एखादा दगड किंवा गवताचं पातं असायचं.

या सह्या आता मी भिंग घेऊन बघते आणि दर वेळी तोच चटका बसतो. 'टिंकल'मधला सुप्पांडी राम वाईरकरांचा; त्यांच्यानंतर तो त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर काढू लागली. अमर चित्रकथा या पुराण-इतिहासाच्या कॉमिक मालिकेतला 'कृष्ण' वाईरकरांचाच. 'शिवाजी' पुण्याच्या प्रताप मुळीकांचा, आणि त्याच हाताने पुढे राज कॉमिक्सचा नागराजही सुरुवातीला काढला. 'बाबासाहेब आंबेडकर' दिलीप कदमांचा. शिवाय चंद्रकांत राणे. भारतातल्या दोन-तीन पिढ्यांनी राम, कृष्ण, राणा प्रताप डोळे मिटून जसे पाहिले, ते बरेचसे या आपल्या माणसांनी दाखवलेले. दिल्लीतलं पोर, कोचीनमधलं पोर, कलकत्त्यातलं पोर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मराठी हाताची रेघ. आणि त्या चित्रांतले फुगे? ते आधी इंग्रजीत लिहिले जायचे आणि मग बाकी भाषांत जायचे. म्हणजे पुण्यात बसून काढलेले शिवाजी महाराज मराठी पोराशी बोलायचे ते इंग्रजीचा फेरा घालून. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात अक्षरं दाटीवाटीने कोंबलेली असायची. एसटीत तिघांच्या बाकावर पाच जण बसावेत तशी. आई एखादं वाक्य मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "असं कोण बोलतं गं?"

अमर चित्रकथा कशी सुरू झाली ती हकीकत पुष्कळदा छापून आली आहे. १९६७ मध्ये अनंत पै दिल्लीत होते, दूरदर्शनवर मुलांची प्रश्नमंजूषा चालली होती, मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर आलं आणि रामाच्या आईचं नाव आलं नाही. पै मूळचे कारकळचे, घरची भाषा कोकणी. टाइम्समध्ये असताना इंद्रजालच्या उभारणीत त्यांचा हात होता. वेताळ खपतो तर कृष्ण का खपणार नाही, हा हिशेब त्यांना तिथेच दिसला असणार असं मला वाटतं. मात्र मालिकेचे पहिले दहा अंक सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथांचे होते, 'कृष्ण' अकरावा.

मला त्या अंकांनी खूप दिलं, आणि एक गोष्ट अशी दिली की ती परत करता आली असती तर बरं झालं असतं. त्यातले देव, राजे, राजकन्या उजळ. राक्षस बहुतेक काळेसावळे, जाड ओठांचे, केसाळ. आमच्या वाड्यात आम्ही रामायण खेळायचो. शेजारची माझी मैत्रीण रंगाने सावळी होती. तिला दर वेळी शूर्पणखा. एकदा ती म्हणाली, मला सीता व्हायचंय. दादाने आतून अंक आणून पान उघडून तिच्यापुढे धरलं, "बघ, अशी असते सीता." पुरावा छापील होता. ती काही बोलली नाही, त्या दिवशीही शूर्पणखाच झाली, आणि पुढच्या सुट्टीत आमच्याकडे खेळायला यायची बंद झाली. दादाला हे आठवत नाही. मला आठवतं, कारण लक्ष्मण मी होते.

मराठीत जन्मलेलं आणि मराठीतच विचार करणारं असं काही रोज हातात पडलं ते १९९१ च्या नोव्हेंबरात, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू 'सकाळ'मध्ये आला तेव्हा. तोवर मी कॉलेजात होते. तीन-चार चौकटी, जोशीकाकूंच्या कैऱ्या, पप्पू आणि मिनी, आणि असं बोलणं की आईचा "असं कोण बोलतं गं" हा प्रश्न कायमचा मिटला. घरात पेपर पहिला कोण घेणार यावर भांडण व्हायचं, आणि त्या भांडणात वडीलही असायचे.

पण चिंटू म्हणजे रोजचा एक घास. मोठी, दीडशे पानांची, पोराने दुपारभर वाचत बसावी अशी आपली चित्रकथा कुठे आहे, हा प्रश्न मला पडायचा तो पडतच राहिला. भाचीच्या कपाटात आज मांगाचे, म्हणजे जपानी कॉमिक्सचे, वीस-वीस खंड आहेत, इंग्रजीतून. ते उजवीकडून डावीकडे वाचायचे. पहिल्यांदा मी पुस्तक सरळ उघडलं तर ती दचकून म्हणाली, "मावशी, शेवट बघितलास!" तिने मला पाच मिनिटांत शिकवलं. वाचायला शिकवणारी माझ्या आयुष्यातली ही दुसरी व्यक्ती. पहिली आई. भाचीच्या त्या पुस्तकांत जेवणाच्या वाटीतली वाफ, शाळेचे जिने, आगगाडीचं फाटक असं सगळं इतकं निवांत काढलेलं असतं की तिला तोक्योतल्या कुठल्याशा उपनगराचं स्टेशन ठाऊक आहे आणि कराडचं नाही.

स्टेशनावरून मला मसूरवर यायचंय.

कराडचं स्टेशन ओगलेवाडीला. तिथून सातारा-पुण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलं की मधे शिरवडे आणि मग मसूर. आमची आत्या मसूरला असायची. मे महिन्यात आम्ही जायचो. बसका फलाट, तापलेली खडी, नळाच्या तोटीखाली ओंजळ धरून पाणी प्यायचं आणि आत्याचे यजमान येईपर्यंत बाकावर बसून वेताळ वाचायचा. माझ्या लेखी मसूर स्टेशन म्हणजे एवढंच. पाणी आणि कॉमिक.

काही वर्षांपूर्वी 'भीमायन' ही बाबासाहेब आंबेडकरांवरची चित्रकथा हाती आली. २०११ मध्ये दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने काढलेलं, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकार दांपत्याची. पुस्तक इंग्रजी. उघडलं, चार-सहा पानं उलटली आणि समोर साल १९०१, साताऱ्याहून निघालेली मुलं आणि मसूर.

बाबासाहेबांनी ही आठवण स्वतः लिहून ठेवलेली आहे. वडील सातारा जिल्ह्यातल्याच गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार. आई नाही. सुट्टीत वडिलांकडे जायचं म्हणून भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे, नवे बूट, जरीच्या टोप्या घालून आगगाडीने निघतात आणि मसूरला उतरतात. घ्यायला कुणी आलेलं नसतं, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेलंच नसतं. स्टेशनमास्तर चौकशी करतो, चांगल्या घरची मुलं दिसतात. कोण तुम्ही? महार म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बदलतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो. गाडीवाले बसवून घ्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण कबूल होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो शेजारून चालणार. डबा भरून जेवण बरोबर आहे आणि पाणी नाही. रात्री नाक्यावर आपण मुसलमान आहोत असंही सांगून बघतात, तरी पाणी नाही. पोरं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपतात.

मी त्या स्टेशनावर ओंजळीने पाणी प्यालेली आहे. कितीतरी मे महिने. आत्याने सांगितलं नाही, शाळेत सांगितलं नाही, आणि बाकावर बसून मी डेंकालीतल्या अन्यायाची काळजी करत होते.

पुस्तकाने मला आणखी एका बाबतीत अडवलं. त्यात चौकटी नाहीत. व्याम पतीपत्नींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की आम्ही माणसांना डब्यांत कोंडणार नाही, त्यांचा जीव घुसमटतो. आमची चित्रं खुली असतात. चौकटींच्या जागी दिग्ना, घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात ती नक्षी, वळणं घेत पानभर फिरते आणि प्रसंग वेगळे करते. म्हणजे माझी लाडकी पांढरी पट्टीच गायब. पहिल्या दिवशी मला ते पुस्तक वाचता आलं नाही. नजर कुठून आत न्यायची आणि कुठून बाहेर काढायची तेच कळेना. मजकूर तेवढा वाचून मी मोकळी झाले, म्हणजे सरांनी सांगितलं होतं अगदी तसं केलं.

मी सध्या दर शनिवारी एका शाळेत पाचवीच्या मुलांबरोबर तासभर पुस्तकं वाचते. एका शनिवारी 'भीमायन' नेलं. मजकूर इंग्रजी असल्यामुळे मी मराठीत सांगणार आणि मुलं चित्रं बघणार, असं ठरलं. स्टेशनमास्तरच्या पानावर मी पोचले होते नव्हते तोच पुढे बसलेली एक मुलगी उठून जवळ आली, बोट ठेवलं आणि म्हणाली, "ताई, ह्याच्या बोलण्याला नांगी आहे."

खरंच होती. फुग्याची शेपटी जिथे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाते, तिथे विंचवाची वळलेली नांगी. मी ते पुस्तक तोवर दोनदा वाचलं होतं. मग सगळा वर्गच कामाला लागला. मागची पानं उलटा, पुढची उलटा. टोचून बोलणाऱ्यांचे फुगे विंचवाचे, मायेने बोलणाऱ्यांचे पाखराच्या आकाराचे, आणि मनातल्या मनात बोलणाऱ्यांच्या फुग्याला डोळा. "ह्याचा बघा, ह्याचा विंचू." "हिचं पाखरू!" मला गोष्ट सांगायला कुणी वेळच देईना. ज्यांना इंग्रजीचं एक वाक्य धड लागत नव्हतं त्या पोरांनी कोण कुणाशी कसं वागतंय हे पंधरा मिनिटांत पानापानावरून शोधून काढलं. एकाने विचारलं, विंचवाला स्वतःला कळतं का की आपल्याला नांगी आहे? त्यावर बरीच चर्चा झाली. निकाल लागला नाही. घंटा झाली.

पुढच्या शनिवारी मुलांनी आपापली चित्रं आणली. बहुतेकांनी घरातले विंचू काढले होते, त्यात काका आणि शिकवणीच्या बाई बऱ्याच होत्या. ती पानं मी कुणाला दाखवलेली नाहीत. नांगी शोधणाऱ्या मुलीने मात्र दोन चौकटी काढल्या होत्या. पहिलीत दारात मी. चष्मा आणि खांद्यावरची पिशवी यांवरून ओळख पटत होती. माझ्या फुग्यात लिहिलं होतं, 'चपला बाहेर!!' आणि त्याला चांगली जाड, तीन वेळा गिरवलेली नांगी. दुसऱ्या चौकटीत मी खाली बसलेली, भोवती मुलं, मांडीवर पुस्तक. फुगा पाखराचा. पाखराला चोचसुद्धा.

दोन चौकटींच्या मधे तिने चांगली चार बोटं जागा कोरी सोडली होती. मी विचारलं, "एवढी जागा का सोडलीस गं?"

"मधे तुम्ही पाणी पिता," ती म्हणाली. "दर वेळी."